जतमध्ये कन्नड शाळा चालते, मग भामरागडच्या पहिलीत माडिया बोलणारे गुरुजी का नाहीत?

सांगलीतल्या विश्रामबागेत चक्कर मारली की एक गोष्ट लगेच दिसते. एका बाजूला विलिंग्डन, दुसरीकडे वालचंद आणि मधल्या गल्ल्यांमध्ये अभ्यासिका. या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरतीवाले असतात, एमपीएससीवाले असतात आणि एका कोपऱ्यात टीईटी, टेटची पुस्तकं घेऊन बसलेले डी.एड. झालेले पोरं-पोरीही असतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून आलेले.

यातल्या ज्यांचा नंबर लागतो, त्यांना सांगली जिल्हाच मिळेल असं नसतं. कुणाला पालघर मिळतं, कुणाला नंदुरबार, कुणाला गडचिरोली. नोकरी लागली म्हणून गावात पेढे वाटले जातात, पोरगं बॅग भरून निघतं आणि रुजू झाल्यापासून डोक्यात एकच विषय सुरू होतो, तो म्हणजे अंतर्जिल्हा बदली.

त्यात त्याची चूक नाही. घर सोडून सहाशे-आठशे किलोमीटरवर राहणाऱ्या कुणालाही परत यावंसंच वाटणार. पण या गोष्टीत आणखी एक माणूस असतो, त्याचा विचार सहसा होत नाही. तो म्हणजे त्या शाळेत पहिलीत बसलेला सहा वर्षांचा मुलगा. गुरुजी बोलतात ती भाषा त्याला येत नाही आणि तो बोलतो ती भाषा गुरुजींना येत नाही.

यावर सरळ उपाय वाटतो तो म्हणजे तिथल्याच आदिवासी मुलामुलींना शिक्षक करा. ऐकायला सोपं आहे, पण या एका वाक्यावरून गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेत, आंदोलनं झालीत आणि एका उपाध्यक्षांनी मंत्रालयातल्या जाळीवर उडीही मारलीय.

नेमका विषय काय आहे, एकेक करून बघू.

आधी जतचा किस्सा

सांगलीकरांना जत तालुका काय चीज आहे हे सांगायला नको. कर्नाटकच्या सीमेवरचा तालुका, कित्येक गावांत घरात कन्नड बोलली जाते. म्हणून तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. महाराष्ट्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या कन्नड शाळा.

जून २०२४ मध्ये अशी तक्रार झाली की जतमधल्या कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमले गेलेत. लगेच विषय तापला. सीमेच्या दोन्ही बाजूंनी ओरड झाली आणि प्रकरण थेट कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, ज्याला कन्नड येत नाही तो कन्नड पोरांना शिकवणार कसा?

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. आता हाच प्रश्न भामरागडला नेऊन बघा. तिथे घरात माडिया बोलली जाते. धडगावच्या डोंगरात पावरी बोलली जाते. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या पोडांवर कोलामी. या पोरांपुढे मराठी शिक्षक उभा राहतो तेव्हा कुठल्या मुख्यमंत्र्यांना फोन जात नाही. कारण कन्नडच्या मागे एक राज्य उभं आहे. माडियाच्या मागे कुणी नाही.

पेसा भरती म्हणजे काय रे भाऊ?

महाराष्ट्रात आदिवासी लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख आहे, म्हणजे राज्याच्या नऊ टक्क्यांहून थोडी जास्त. हा २०११ च्या जनगणनेचा आकडा. सांगली जिल्ह्यात हे प्रमाण एक टक्काही नाही, त्यामुळे आपल्याकडे हा विषय फार चर्चेत येत नाही. पण राज्यातल्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. पालघर, ठाणे, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली.

या भागातल्या भरतीला सगळे 'पेसा भरती' म्हणतात. खरं तर १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेच्या अधिकारांचा आहे, नोकऱ्यांचा नाही. नोकऱ्यांचा आधार आहे राज्यघटनेची पाचवी अनुसूची. त्यात राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रासाठी वेगळी अधिसूचना काढता येते. २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी तशी अधिसूचना काढली. तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक अशी गावाशी थेट संबंध येणारी पदं स्थानिक आदिवासींमधूनच भरायची. अशी एकूण १७ संवर्गांची यादी झाली. २०१९ मध्ये त्यात बदल झाला आणि आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात पदं ठरली. जिथे लोकसंख्या निम्म्याहून जास्त तिथे सगळी पदं, जिथे कमी तिथे कमी.

हेतू साधा होता. गावातला माणूस गावात राहील, त्याला भाषा येईल आणि तो बदलीचा अर्ज खिशात घेऊन फिरणार नाही.

मग गाडी अडली कुठे?

अडली आंध्रात. आंध्र प्रदेश सरकारने १० जानेवारी २००० ला आदेश काढला होता की अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांमध्ये सगळे शिक्षक स्थानिक आदिवासीच असतील. त्यामागचं एक मोठं कारण होतं, बाहेरून आलेले शिक्षक शाळेत हजरच राहत नव्हते.

या आदेशाला आव्हान मिळालं. २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं होतं की शंभर टक्के आरक्षण घटनेत बसत नाही. त्याच भागात राहणाऱ्या इतर मागास लोकांची दारंसुद्धा त्याने बंद होतात. आधी लागलेल्या शिक्षकांच्या नोकऱ्या न्यायालयाने वाचवल्या, पण पुढे असं करू नका असं बजावलं. पुढे २ ऑगस्ट २०२२ ला झारखंडच्या १३ जिल्ह्यांमधली शिक्षक पदं शंभर टक्के स्थानिकांना देण्याचा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला.

याचे पडसाद महाराष्ट्रात उमटणारच होते. इथल्या अनुसूचित क्षेत्रात राहणाऱ्या बिगर आदिवासींनीही न्यायालयात धाव घेतली. २०२३ मध्ये भरतीच्या जाहिराती आल्या, परीक्षा झाल्या, पण पेसातल्या नेमणुका लटकल्या. निवड झालेली पोरं नेमणुकीची वाट बघत बसली. नाशिकमध्ये आंदोलन झालं.

मग आला ४ ऑक्टोबर २०२४. विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. त्यांच्या दोन मागण्या होत्या. धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घेऊ नका, आणि पेसा भरती करा. व्हिडीओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल, मीम्सही बघितले असतील. त्यानंतर सरकारने निवड झालेल्यांना न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून, तात्पुरतं मानधनावर घेण्याचा निर्णय केला.

म्हणजे आज चित्र असं आहे की स्थानिक आदिवासी शिक्षक हवेत हे सरकारलाही मान्य आहे, पण त्यांना कायम करायचा रस्ता कोर्टात अडकलाय.

या भांडणात एक गोष्ट सुटली

सगळी लढाई जातीच्या दाखल्यावर चाललीय. पण पहिलीतल्या पोराला दाखला ऐकू येत नाही, त्याला भाषा ऐकू येते.

'आदिवासी' ही एक भाषा नाही. महादेव कोळी घरात मराठीच बोलतात. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत, म्हणजे त्यांचं नातं मराठीपेक्षा तेलुगू-कन्नडशी जवळचं आहे. कोरकूचं कूळ तर तिसरंच, ती संथाली-मुंडारीच्या घरातली. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातला आदिवासी उमेदवार दुसऱ्या जमातीच्या पाड्यावर गेला तर तोही तिथे जवळपास सांगलीच्या गुरुजींइतकाच परका असतो.

आणि भाषा येत असली तरी काम संपत नाही. घरी कोरकू बोलणारा तरुण स्वतः पहिलीपासून मराठीतच शिकलेला असतो. डी.एड.लाही त्याला मराठीतूनच शिकवलेलं असतं. पोराच्या भाषेतून वाचन कसं सुरू करायचं, तिथून हळूहळू मराठीवर कसं आणायचं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. वर साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर तोही पाठ्यपुस्तक उघडून मराठीतच सुरू करतो.

याचा परिणाम काय होतो? पोरगं अक्षरं गिरवायला शिकतं, फळ्यावरचं वहीत उतरवतं, धडा मोठ्याने वाचूनही दाखवतं. पण वाचलं त्याचा अर्थ त्याला लागत नाही. तिसरी-चौथीत गणिताची शाब्दिक उदाहरणं आली की तो अडकतो. बेरीज त्याला येत असते, पण उदाहरण काय विचारतंय ते कळत नाही. मग शिक्का बसतो, 'पोरगं कच्चं आहे.' त्या शिक्क्यासोबत तो आश्रमशाळेत जातो आणि अनेकदा तिथून परत घरी येतो.

शिक्षक व्हायचा रस्ता बघा

आता समजा, धडगावच्या एखाद्या पावरा मुलीला प्राथमिक शिक्षिका व्हायचंय. तिने काय काय पार करायचं?

बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, जिला आपण अजूनही डी.एड. म्हणतो. मग टीईटी. १५० गुणांच्या या परीक्षेत खुल्या गटाला ६० टक्के आणि राखीवला ५५ टक्के लागतात. महाराष्ट्रात २०१३ पासून ही परीक्षा होते आणि निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच लागतो. त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी. शेवटी पवित्र पोर्टल.

यात भाषेचा खेळ असा आहे. राज्याच्या टीईटीला मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदीसोबत कन्नड, गुजराती, तेलुगू, बंगाली, सिंधी चालते. जतच्या कन्नड गुरुजींची सोय त्यातून होते. गोंडी, भिली, कोरकू, पावरी त्यात नाही.

कुणी म्हणेल, आदिवासी भाषेत परीक्षा घेणं शक्य आहे का? तर केंद्राच्या सीटीईटीची यादी बघा. त्यात २० भाषा आहेत आणि त्यात गारो आहे, खासी आहे, मिझो आहे. २०११ च्या जनगणनेत मिझो बोलणारे दहा लाखांच्या आत होते. त्याच जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात २९ लाखांहून जास्त आणि भिली गटातल्या भाषांचे एक कोटीहून जास्त होते. तरीही गोंडी नाही, भिली नाही. म्हणजे अडचण बोलणाऱ्यांच्या संख्येची नाही. गारो, खासी, मिझो शाळेत शिकवल्या जातात, त्यांची पुस्तकं आहेत, त्यांच्यामागे राज्य आहे. गोंडी बोलणारे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणात विखुरलेत आणि प्रत्येक राज्यात ते अल्पसंख्य आहेत.

पुढचा रस्ता आणखी लांबणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की २०३० पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता असेल. दोन वर्षांची पदविका तालुक्याच्या गावी करता यायची, चार वर्षांची पदवी कुठे करायची? गंमत म्हणजे त्याच धोरणात असंही लिहिलंय की ग्रामीण मुलामुलींना या पदवीसाठी शिष्यवृत्ती द्यावी, नंतर त्यांच्याच भागात नोकरीत प्राधान्य द्यावं, म्हणजे स्थानिक भाषा बोलणारे चांगले शिक्षक तयार होतील. म्हणजे ज्या उपायासाठी आपण भांडतोय, तो कागदावर आधीच आहे.

आपल्याच भागाने हे करून दाखवलंय

हे काहीतरी नवीन, अवघड आहे असं वाटत असेल तर सातारा-सांगलीचाच इतिहास बघा.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं घर वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ मध्ये इकडे विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज उभं राहिलं आणि त्याच वर्षी तिकडे काल्यात भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तेव्हा अडचण अशी होती की खेड्यात शाळा काढली तरी शिकवायला जायचं कुणी? शहरातला शिकलेला माणूस डोंगरातल्या वाडीवर टिकत नव्हता.

भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात थेट शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यातलीच पोरं घेतली, त्यांना शिक्षक केलं. पुढच्या दशकात जिथे शाळाच नव्हती अशा वाड्या-वस्त्यांवर संस्थेने पाचशेहून जास्त व्हॉलंटरी शाळा चालवल्या. आजचा सांगलीचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. आज विश्रामबागेत बसून जिल्ह्याबाहेरच्या नोकरीची तयारी करणाऱ्या कित्येक पोरांच्या घरात पहिलं अक्षर त्या पिढीच्या मास्तरांमुळे आलं.

त्यांनी केलं काय, तर शाळा आणि ट्रेनिंग कॉलेज एकत्र उभं केलं. जिथे शिक्षक लागणार, तिथल्याच पोरांना तयार केलं.

आदिवासी भागातही हे झालंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, नंतर त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा प्रकार याच कामातून आला. बालवाडीच्या कामासाठी बायकांना प्रशिक्षण दिलं आणि शिकवायची साधनंही शिंपले, बिया, पानं, दगड अशी आजूबाजूचीच वापरली.

नर्मदेच्या काठावर १९९० च्या दशकात आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या, तिथे गावातलेच आदिवासी तरुण शिक्षक झाले. सरकारनेही २००० नंतर वस्तीशाळा काढल्या तेव्हा स्थानिक निमशिक्षक नाममात्र मानधनावर घेतले, नोकरी करता करता त्यांच्याकडून डी.एड. करून घेतलं आणि २०१४ मध्ये त्यांना नियमित सेवेत घेतलं. आधी स्थानिक माणूस घ्या, मग शिकवा, मग कायम करा, हा रस्ता सरकारने स्वतः चालून बघितलाय. फक्त त्या पोरांना दहा-बारा वर्षं हजार-दोन हजारांवर राबवलं, तो भाग पुन्हा नको.

बाकीची राज्यं काय करतायत?

ओडिशाने २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांमध्ये बहुभाषिक शिक्षण सुरू केलं. पोराच्या भाषेत पुस्तकं, त्या भाषेतले शिक्षक आणि वरच्या वर्गात जाईल तसं उडिया वाढवत न्यायचं. पुढे या भाषा २१ पर्यंत गेल्या.

केरळने २०१७ मध्ये वायनाडला 'गोत्रबंधू' योजना काढली. शिक्षक पदविका किंवा बी.एड. झालेल्या आदिवासी तरुणांना प्राथमिक शाळांमध्ये मार्गदर्शक शिक्षक म्हणून नेमलं. मूळ शिक्षकाची जागा त्यांनी घेतली नाही, ते पोरं आणि शाळा यांच्यातला दुवा झाले. शंभर टक्के आरक्षणाचा वादच इथे आला नाही.

आपल्याकडे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावने २०१९ मध्ये ग्रामसभेच्या ठरावावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. गावाने जे स्वतःच्या खर्चाने केलं, त्याला मान्यतेच्या चौकटीत कसं बसवायचं याचा नियमच आपल्याकडे नव्हता.

मग मार्ग काय?

पहिलं म्हणजे, भाषेला पात्रता माना. कन्नड शाळेच्या शिक्षकाला कन्नड यावी लागते, त्याला कुणी आरक्षण म्हणत नाही. तसं पहिली-दुसरीच्या शिक्षकाला पाड्यावरची भाषा यावी ही अट घातली, तर ती जातीची अट राहत नाही. कोरकू चांगली बोलणारा बिगर आदिवासी असेल तर तोही आला पाहिजे. प्रत्यक्षात अशी भाषा येणारे बहुतेक आदिवासीच असतील, पण रस्ता सगळ्यांना खुला राहील.

दुसरं, त्या भाषेत शिकवायचं प्रशिक्षण द्या. धडगाव, धारणी, भामरागड, जव्हार अशा ठिकाणी निवासी कॉलेज, शिष्यवृत्ती आणि अभ्यासक्रमात दोन भाषांतून वाचन शिकवण्याचा विषय. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यात डायट आहेत. अगदी शून्यातून उभं करायची गरज नाही.

तिसरं, जे सांगली, बीड, लातूरहून तिथे जातात, त्यांनाही रुजू होण्याआधी भाषेचे काही महिने द्या. त्यांच्याशिवाय आज तरी या शाळा चालणार नाहीत.

यावर एक रास्त शंका आहे. पोरांना शेवटी मराठी, इंग्रजीतच स्पर्धा करायचीय, मग माडियात शिकून काय मिळणार? पालकही हे विचारतात आणि त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण इथे कुणी मराठी काढून टाका म्हणत नाहीये. मराठी पक्की यावी म्हणूनच सुरुवात ओळखीच्या भाषेतून करायची. जतचं कन्नड पोरगं मराठी शिकतंच की, फक्त त्याला पहिल्या दिवशी वर्गात मुकं बसावं लागत नाही.

दुसरी अडचण खरी आहे. एकाच शाळेत तीन भाषांची पोरं असली तर काय? तिथे एक शिक्षक पुरणार नाही, वायनाडसारखा जोडीचा माणूस लागेल. त्याला पगार लागेल आणि तो पगार सरकारला द्यावा लागेल.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही टीईटी पास व्हायलाच हवं. शिक्षक पात्र असावा, यात वाद नाही. पण पहिलीतल्या पोराशी त्याच्या भाषेत बोलता येणं, ही पात्रता आपल्या कुठल्याच परीक्षेत एका गुणाचीही नाही.

तुमच्या ओळखीत पालघर, नंदुरबार, गडचिरोलीला शिक्षक असलेलं कुणीतरी नक्की असेल. त्यांना एकदा विचारा, पहिल्या दिवशी वर्गात गेल्यावर पोरांशी काय बोललात आणि पोरांना त्यातलं किती कळलं? काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.